काळा पाषाण, पांढरं धोतर आणि कॅमेऱ्याचा मीटर : नाशिकमधल्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार : साहित्य आणि मांडणी

फोटोग्राफी शिकणारे सात शिकाऊ. चार डीएसएलआर, एक मिररलेस, दोन मोबाइल. पाचही कॅमेऱ्यांवर १८–५५ मिमीची लेन्स. त्याशिवाय एक ५० मिमी एफ/१.८ आणि एक ७०–३०० मिमी, आळीपाळीने वापरायला. सगळे कॅमेरे एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचे आहेत, त्यामुळे पुढचे आकडे त्याच हिशेबाने धरावेत.

पहिल्या दिवशी फोटो काढायचे नाहीत, फक्त सगळे कॅमेरे एका पातळीवर आणायचे. फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग दोन्ही. ऑटो आयएसओ (उजेडाला किती प्रतिसाद द्यायचा तो आकडा) बंद, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळणी) ‘ऑटो’वरून काढून ‘सूर्यप्रकाश’वर. फोकसचा एकच बिंदू, मधला. घड्याळ मिनिटापर्यंत बरोबर लावलेलं, कारण वहीतली नोंद आणि फाइल नंतर वेळेवरूनच जुळवायची आहे. कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

दोन अडचणी आल्या. एका कॅमेऱ्यातून सगळंच धूसर दिसत होतं आणि लेन्स बिघडल्याची शंका होती. प्रत्यक्षात व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं बारीक चाक फिरलं होतं. ते जुळवताना समोरच्या दृश्याकडे नाही, आतल्या आकड्यांकडे बघायचं. आकडे रेखीव दिसले की झालं. दुसऱ्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचा आकडा) आधीपासून +१ वर राहिलं होतं, म्हणून प्रत्येक फोटो फिकट. कॅमेरा हातात घेतला की हा आकडा शून्यावर आहे का ते आधी पाहायचं, हे आजपासून सगळ्यांना लागू.

पकड : डावा तळवा लेन्सच्या खालून, कोपरं बरगड्यांना टेकलेली, शटर दाबताना श्वास अर्धा सोडलेला. बटण आधी अर्धं दाबायचं, फोकस लागला की पुढे हलकेच पूर्ण. झटका दिला की फोटो हलतो.

८ जानेवारी, बुधवार : स्टॉप म्हणजे काय

खिडकीशेजारी टेबलावर पितळी तांब्या, मॅन्युअल मोड, ट्रायपॉड. आज फक्त हिशेब.

एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटरमध्ये (उजेड किती वेळ आत येतो) हे सरळ दिसतं : १/६० सेकंदावरून १/१२५ केलं की निम्मा. आयएसओत १०० वरून २०० केलं की फोटो दुप्पट उजळ. अडतं ते अॅपर्चरपाशी (लेन्समधल्या उजेड येण्याच्या भोकापाशी), कारण तिथले आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जातात आणि आकडा वाढला की भोक लहान होतं. एफ आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले भोकाचा व्यास. ५० मिमी लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ/४ म्हणजे साडेबारा मिमीचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे दोन स्टॉप गेले. एका स्टॉपसाठी व्यासाला २ च्या वर्गमुळाने, साधारण १.४ ने भागावं लागतं. म्हणून ते आकडे असे वाकडे. एकदा हे कागदावर मांडलं की पाठ करावं लागत नाही.

सराव : एफ/८, १/१५, आयएसओ १०० वर बरोबर आलेला फोटो आणखी चार जोड्यांनी तसाच उजळ आणायचा. एफ/५.६ ला १/३०, एफ/४ ला १/६०, एफ/११ ला १/८, एफ/१६ ला १/४. पाचही फोटो शेजारी ठेवले तर उजेड सारखा, पण मागच्या भिंतीचा धूसरपणा निराळा. हे बघेपर्यंत शटर, भोक आणि आयएसओ या ‘तिघांचा मेळ’ ही नुसती शब्दांची गोष्ट राहते.

मोबाइलवाल्यांसाठी : बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर कायम असतं, बदलता येत नाही. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ मिळतात, तेवढ्यावर हा सराव होतो. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा लेन्सचा नाही, हिशेबाने केलेला असतो, म्हणून केसांच्या बटा आणि गजऱ्याच्या कडा त्यात कापल्या जातात.

१२ जानेवारी, रविवार : गंगेवर, पहाटे

गंगा म्हणजे इथे गोदावरी. तिच्या रामकुंडापाशी पावणेसातला. सूर्य सव्वासातच्या सुमारास. या अर्ध्या तासात उजेड दर काही मिनिटांनी बदलतो, म्हणून दर पाच मिनिटांनी एकच चौकट (दुतोंड्या मारुतीची मूर्ती आणि मागचा घाट) टिपायची आणि आकडे वहीत लिहायचे.

ऊन चढल्यावर मीटर (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग) न बघता काढायचा नियम दिला : स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओइतकं. आयएसओ १०० असेल तर १/१२५ च्या आसपास. तेच एफ/८ ला १/५००. नऊनंतर हा नियम बरोबर लागला. त्याआधी लागला नाही, कारण सूर्य खाली असताना उजेड एक-दोन स्टॉपने कमी असतो.

शटरचा सराव तांब्यातून सोडलेल्या पाण्याच्या धारेवर. १/१००० ला थेंब सुटे दिसतात. १/६० ला धार दोरीसारखी. १/४ ला काच ओतल्यासारखी. सूर्य उगवायच्या आधी एफ/८ वर १/४ सहज मिळालं. उन्हात मात्र एफ/१६ आणि आयएसओ १०० ला मीटर १/१२५ सांगतो, तिथून १/४ पर्यंत पाच स्टॉप कमी करायचे आहेत. अॅपर्चर एफ/२२ केलं तरी एकच स्टॉप मिळतो आणि विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) चित्र मऊ पडतं. उपाय एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) : एनडी ६४ म्हणजे सहा स्टॉप, १/१२५ चं अर्धा सेकंद होतं. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू.

हातात धरून किती संथ शटर चालतं? फोकल लांबीला दीडने गुणायचं आणि त्याच्या खाली जायचं नाही. ५५ मिमीला १/८०, १८ मिमीला १/३०, ३०० मिमीला १/५००. ही मर्यादा फक्त हाताच्या थरथरीची. समोरचा माणूस हलत असेल तर ती कामाची नाही.

एक गोष्ट सक्त. अंघोळ करणाऱ्या बायका, दशक्रिया आणि अस्थिविसर्जनाला आलेली माणसं यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. लांब लेन्स लावली म्हणून ते योग्य होत नाही. इतरांना आधी विचारायचं.

१४ जानेवारी, मंगळवार : संक्रांत

गच्चीवरून पतंग. १/१०००, एफ/५.६, आयएसओ २००, सतत फोकस. ऑटो मोडमध्ये सगळे पतंग काळे ठिपके आले, कारण आकाश उजळ आणि मीटर त्यालाच धरतो. +१ दिल्यावर कागदातून उजेड झिरपलेला दिसला. सूर्य पतंगाच्या मागे, पण चौकटीच्या बाहेर असेल तेव्हा रंग सगळ्यात छान.

१९ जानेवारी, रविवार : काळाराम मंदिर, मीटर खोटं का बोलतो

या सगळ्या प्रकल्पातला हा दिवस सर्वांत महत्त्वाचा मानला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याला समोर दगड आहे की धोतर, हे मीटर मोजताना कळत नाही. तो फक्त परत येणारा उजेड मोजतो आणि समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी आहे, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, असं धरून चालतो. बहुतेक दृश्यांत काळं-पांढरं मिसळलेलं असतं, म्हणून हे गृहीत खपून जातं. काळाराम मंदिरासमोर ते खपत नाही. चौकटभर काळा पाषाण, उजेड थोडाच परत येतो, मीटरला वाटतं अंधार आहे आणि तो एक्स्पोजर वाढवतो. फोटोत दगड सिमेंटसारखा राखाडी.

सकाळी दहाला, बाहेरच्या आवारातून, सगळं एकाच उन्हात. आयएसओ १००, एफ/८, स्पॉट मीटरिंग (चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणं). तीन गोष्टी एकामागून एक मोजल्या :

राखाडी कार्ड : १/४००.
काळा दगड, फक्त दगडच चौकटीत : १/१६०.
दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर : १/१२५०.

ऊन तेच, जागा तीच आणि उत्तरं तीन. खरं उत्तर एकच, १/४००. त्या एकाच आकड्यावर दगड काळा येतो, धोतर पांढरं येतं आणि माणसाचा चेहरा चेहऱ्यासारखा. मीटरचं ऐकून दगड काढला तर सव्वा-दीड स्टॉप जास्त, धोतर काढलं तर पावणेदोन स्टॉप कमी. म्हणून काळ्यासाठी −१.३ आणि पांढऱ्यासाठी +१.७.

इथे प्रत्येक जण उलट करतो. अंधारं दिसतंय तर उजेड वाढवावा, असंच मनात येतं. काळ्याला वजा, पांढऱ्याला अधिक : हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगितलं.

राखाडी कार्ड नसेल तर स्वतःचा तळवा. समोरच्या दृश्यावर जे ऊन पडतंय त्याच उन्हात तळवा धरायचा, त्यावर मोजायचं आणि एक स्टॉप वाढवायचा, कारण तळवा मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तपासून पाहिलं : तळव्यावर १/८०० आलं, एक स्टॉप वाढवून १/४००. कार्डाशी जुळलं. आपल्या तळव्याचा फरक एकदा कार्डाशी पडताळून ठेवावा, मग तो बदलत नाही. फसतं कधी? तळवा सावलीत आणि मंदिर उन्हात असेल तेव्हा. दोघांचे पहिले फोटो याचमुळे जळाले, म्हणजे पांढरेफटक पडले.

मोबाइलवर : दगडावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर अडकतात, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. तत्त्व तेच.

फोटो बरोबर आला का, हे मागच्या पडद्यावर ठरवू नये. उन्हात पडदा अंधारा वाटतो आणि घरी गेल्यावर सगळं जास्त उजळ निघतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा. डावी कड काळी, उजवी कड पांढरी. नुसत्या दगडाच्या फोटोत आलेख डावीकडे झुकलेलाच हवा. तो मधोमध असेल तर दगड राखाडी झाला आहे. ‘चांगला आलेख मधोमध डोंगरासारखा’ ही समजूत काढून टाकली. आलेख दृश्यासारखा असावा, एवढंच. उजव्या कडेला भिंतीसारखा चिकटला तर मात्र पांढऱ्यातला तपशील गेला, तो रॉमधूनही पूर्ण परत येत नाही.

मंदिराच्या आत फोटो काढायचा झाला तर आधी विचारायचं. आजचा सराव सगळा बाहेरून झाला.

२२ जानेवारी, बुधवार : गोदाघाटावरचा आठवडे बाजार

विषय फोकसची खोली. ५० मिमी लेन्स, भाजीवाल्या मावशींपासून दीड मीटरवर. एफ/१.८ ला रेखीव भाग साधारण साडेसहा सेंटिमीटर खोल. म्हणजे डोळा रेखीव आणि कान धूसर. एफ/८ ला तीस सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे चेहरा आणि हातातला तराजू दोन्ही. नवी लेन्स मिळाली की सगळं एफ/१.८ ला काढायचा मोह होतो. बाजारात तो नुकसानीचा, कारण मागे कोथिंबिरीच्या जुड्या आहेत की कांद्याची पोती, हेच फोटोतून निघून जातं. माणसासोबत त्याचं काम दिसायचं असेल तर एफ/५.६ ते एफ/८.

मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून मग चौकट फिरवली तर एफ/१.८ ला फोकस चुकतो, कारण फिरवताना अंतर दोन-तीन सेंटिमीटरने बदलतं. त्यापेक्षा फोकसचा बिंदूच डोळ्यावर न्यावा.

गर्दीत झटपट काढायचं असेल तर १८ मिमी, एफ/८, मॅन्युअल फोकस दोन मीटरवर. साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं रेखीव.

आणखी एक अडचण निघाली ती ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे आणि टोमॅटो जांभळट. ऑटो व्हाइट बॅलन्सने सुधारणा झाली, पण पाठीमागचा उन्हातला घाट पिवळा पडला. दोन रंगांचे उजेड एका चौकटीत असले की एका आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. दोनच उपाय : एक तर उन्हाचा भाग चौकटीतून काढायचा आणि ताडपत्रीखाली पांढऱ्या कागदावर कस्टम बॅलन्स घ्यायचा. नाही तर दुकानदार ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या उजेडाकडे तोंड करून असेल तेव्हा काढायचा. दुसरा कधीही चांगला.

फोटो काढायच्या आधी पाव किलो काहीतरी घ्यावं, दोन शब्द बोलावेत. मावशींनी ‘काढ की’ म्हटल्यावर येणारा चेहरा वेगळाच असतो.

२६ जानेवारी, रविवार : संध्याकाळची गोदाआरती

५० मिमी, एफ/२.८, १/२००, आयएसओ १६००, मॅन्युअल. मीटरवर सोडलं तर भोवतीच्या काळोखामुळे ज्योती पांढऱ्या डागांसारख्या येतात. ज्योतीत पिवळा रंग दिसेपर्यंत एक्स्पोजर कमी करायचं, अंधार अंधारच राहू द्यायचा.

तुपाच्या ज्योतीचं रंगतापमान २००० केल्विनच्या आसपास, उन्हाचं ५२०० ते ५५०० (आकडा कमी तितका उजेड पिवळा). ऑटो बॅलन्स ही उबच पुसून टाकतो. ३८०० केल्विनला ठेवल्यावर चेहरे सोनेरी राहिले आणि भगवेही झाले नाहीत. एलईडीचे झोत पडतात त्या बाजूला उभं राहू नये. काही झोतांखाली १/२०० च्या पुढे फोटोत आडवे पट्टे येतात. आले तर शटर १/१०० करून बघावं.

२ फेब्रुवारी, रविवार : नांदूरमध्यमेश्वर

निफाडची थंडी, हातमोजे आवश्यक. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे पाणी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या बाजूने मनोऱ्यांपर्यंत चालत.

१९ तारखेचा धडा इथे अर्धवट पाठ असला तर उलटा पडतो, आणि पडला. समोर चमचा पक्षी, पांढराशुभ्र. ‘पांढऱ्याला अधिक’ म्हणून चौघांनी +१.३ दिलं. पक्षी पूर्ण जळाला, पिसाचा एक तंतू दिसेना. कारण ३०० मिमीलाही पक्षी चौकटीच्या दहाव्या भागाइतका, बाकी सगळं काळसर पाणी. मीटरने पाणी मोजलं आणि आधीच एक्स्पोजर वाढवलं होतं. त्यावर आपण आणखी वाढवलं. इथे हवं होतं −१. तोच पक्षी चौकटभर असता तर अधिक बरोबर ठरलं असतं. म्हणजे विचारायचा प्रश्न ‘पक्षी कोणत्या रंगाचा’ हा नाही. चौकटीचा मोठा भाग कोणत्या रंगाचा आहे, तो विचारायचा.

त्यानंतर पद्धत बदलली : मॅन्युअल मोड, तळव्यावर मोजलेला आकडा कायम. पक्षी पाण्यावरून उडून आकाशासमोर गेला तरी त्याच्यावरचं ऊन बदलत नाही, मग आकडे का बदलावेत? नऊ वाजता १/२०००, एफ/५.६, आयएसओ ४००. सतत फोकस, सलग फोटो. बसलेल्या शेकाट्या पक्ष्यांना १/५०० पुरतं.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी. परतल्यावर कॅमेरा लगेच उबदार खोलीत उघडू नये, थंड काचेवर दव धरतं. बंद पिशवीत तासभर राहू द्यावा.

९ फेब्रुवारी, रविवार : पांडवलेणी

लेण्याच्या आतून दारातून बाहेर बघितलं तर डोळ्याला दोन्ही दिसतं, सेन्सरला नाही. आत १/८ लागतं तिथे बाहेर १/१००० : सात स्टॉपचं अंतर, आणि कोपऱ्यांत त्याहूनही जास्त. जेपेगमध्ये ते मावत नाही. रॉमध्ये बरंच मावतं, पण बाहेरचं न जाळता काढायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. सावली उचलली की दाणे दिसतात, जळलेलं आकाश मात्र परतच येत नाही.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून खांबाला खांदा टेकून १८ मिमी, १/३०, आयएसओ १६००. फ्लॅश नाहीच. समोरून मारलेल्या फ्लॅशने कोरीव काम सपाट होतं. खोली दिसते ती बाजूने घसरत येणाऱ्या उजेडात. ३ क्रमांकाच्या लेण्यात ओसरी पेलणाऱ्या गणांचे चेहरे आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं, दोन्ही तिरक्या उजेडात बघितली की दोन पावलं डावीकडे सरकून किती फरक पडतो ते समजतं. आज याच दोन पावलांवर दीड तास गेला, आणि तो गेलाच पाहिजे.

पायथ्याशी फाळके स्मारक. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, आणि चित्रपटाआधी त्यांनी गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता. मुलांना तिथे थोडा वेळ थांबवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार : माघी पौर्णिमा

७०–३०० लेन्स, ३०० मिमी, ट्रायपॉड. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लांबीच्या साधारण ११० व्या भागाइतका, म्हणजे इथे २.७ मिमी. चौकटीच्या रुंदीचा नववा भाग. बाकी काळं आकाश. निकाल कोणालाही सांगावा लागला नाही : मीटरवर सोडला तर चंद्र म्हणजे पांढरी चकती.

चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून नियमही उन्हासारखाच, फक्त एफ/१६ ऐवजी एफ/११. आयएसओ १००, १/१२५. खड्डे आणि डाग स्वच्छ आले. क्षितिजावर असताना मात्र धूळ-धुरातून उजेड कमी येतो, तेव्हा दोन स्टॉप जास्त लागले. वर चढला तसे कमी करत नेले. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे सेकंदभराचं एक्स्पोजर चालत नाही. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरच्या चालू दृश्यात) दहापट मोठं करून हाताने.

१६ फेब्रुवारी, रविवार : निवड आणि फाइली

प्रत्येकाने दहा फोटो निवडायचे. प्रत्येकाशेजारी चार गोष्टी : आकडे, मीटरने काय सांगितलं, आपण किती बदललं आणि का. ‘का’ रिकामं असेल तर फोटो चांगला दिसला तरी यादीतून बाहेर.

फोटोखालची ओळ कामाची हवी. ‘सुंदर सकाळ’ नको. जागा, तारीख, काय चाललंय. काळारामच्या दरवाज्याच्या फोटोखाली २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचा उल्लेख घातला, कारण तो दरवाजा नुसतं कोरीवकाम नाही.

एफ/१६ च्या आकाशांत तिघांना एकाच जागी करडे ठिपके दिसले. सेन्सरवरची धूळ. मोठ्या अॅपर्चरला ती दिसत नाही. लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने उडवायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण बसतात.

फाइली दोन निरनिराळ्या डिस्कवर, एक डिस्क दुसऱ्या घरी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. पावसाळ्याआधी लेन्सांसाठी घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक घ्यायचा आहे. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के. त्यावर राहिली तर काचेवर बुरशी धरते, फार खाली गेली तर रबर कडक होतं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. कोबाल्टचं निळं जेल मात्र घेऊ नये आणि स्वयंपाकाच्या तव्यावर परतू नये. नारिंगी जेल आणावं, त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवावा.